मुहूर्त नसलेले महिने

२०२४ च्या मे महिन्यात पालघर-बोईसर पट्ट्यातल्या मेकअप आर्टिस्टचे फोन थंडावले, त्याचं कारण आकाशात होतं. १८ मेला गुरूची सूर्याशी युती झाली, ४ जूनला शुक्राची. दोन्ही ग्रह सूर्याच्या तेजात बुडाले, पंचांगाच्या भाषेत अस्तंगत झाले. गुरू-शुक्राचा अस्त असताना लग्न लावायचं नाही हा दंडक पाळणाऱ्या घरांनी तारखा एप्रिलच्या आत ओढल्या, नाहीतर जुलैवर ढकलल्या. काहींनी तर सरळ तुळशीच्या लग्नानंतरचा हॉल धरला. वैशाख-ज्येष्ठ हे या धंद्याचे कमाईचे महिने. त्या दोन महिन्यांच्या पैशावर पुढचा पावसाळा काढायचा असतो. त्या वर्षी उन्हाळाच गेला आणि पाठोपाठ चातुर्मास लागला.

नेहमीच्या वर्षात मंदीचं वेळापत्रक ठरलेलं असतं. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला आली आणि कार्तिकी २ नोव्हेंबरला. मधले जवळजवळ चार महिने चातुर्मास. त्यातला पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर. त्या पंधरवड्यात लग्न सोडाच, कोणी बोलणीसुद्धा काढत नाही. पुढे पौष आहेच. ज्या बाईचं स्वतःचं पार्लर आहे तिच्याकडे या दिवसांतही भुवया कोरायला, केस कापायला, वॅक्सिंगला बायका येतात. फ्रीलान्स करणारीकडे गाळा नाही आणि पाटीही नाही. एक ट्रॉली बॅग, एक रिंग लाइट, घडीची उंच खुर्ची आणि फोन एवढाच तिचा पसारा. नवरीचं पॅकेज इकडे साधारण सहा-सात हजारांपासून सुरू होतं, नाव झालेलीचं पंधरा-वीस हजारांवर जातं. साइडर, म्हणजे करवली, आई, वहिनी, आत्या, यांचे माणशी हजार-दीड हजार. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण हे पैसे वर्षातून मोजक्याच तारखांना येतात आणि घरभाडं दर महिन्याला जातं, हा हिशेब नातेवाईक करत नाहीत.

या बायकांबद्दल लिहायचं ठरवलं त्याला कारण आहे. धंद्याच्या गप्पांत मंदी म्हटली की दोनच गोष्टी ऐकू येतात: इन्स्टाग्रामवर रील टाका, नाहीतर सवलत जाहीर करा. मंदीत खरोखर टिकलेल्या बायका वेगळंच काही करतात असं मला दिसलं. त्या एका पंचांगावर विसंबत नाहीत. आणि पालघर ते बोईसर-तारापूर हा पट्टाच असा आहे की इथे एका पंचांगावर विसंबायची गरजही नाही.

विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणूपर्यंत धावते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्याची गावं, त्यांत मांगेला, वैती, भंडारी समाज. केळवे-माहीमकडे वाडवळांच्या वाड्या आणि पानवेली. पूर्वेला डोंगर चढला की वारली, मल्हार कोळी, कोकणा हे आदिवासी. मधे बोईसर, जिथे तारापूर एमआयडीसीचे कारखाने हजाराच्या घरात आहेत आणि त्यांत काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरातपासून माणसं आली आहेत. १९६९ मध्ये वीज देऊ लागलेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या वसाहतीत तर देशातला जवळजवळ प्रत्येक प्रांत शेजारी राहतो. चिंचणी-तारापूरच्या मुस्लिम वस्त्या जुन्या आहेत. खाली वसईत ख्रिस्ती गावं.

जयंत साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय इथल्या बहुतेक घरांच्या भिंतीवर असतं आणि त्याच्या एकाच पानावर संकष्टी, ईद, पतेती, नाताळ शेजारी-शेजारी छापलेले असतात. बहुतेक जण आपापला रकाना बघतात. ज्या मेकअप आर्टिस्टने बाकीचेही रकाने वाचायला सुरुवात केली तिचे चार महिने रिकामे राहिले नाहीत.

२०२५ मध्ये आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस, दोन्ही ६ जुलैलाच आले. त्या दिवशी हिंदू घरांतली लग्नं थांबली आणि मुस्लिम घरांतली मोहरम लागल्यापासूनच थांबलेली होती. पण पुढचा रस्ता वेगळा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असल्याने मुस्लिम महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. अधिक महिना घालून ते मागे खेचण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे रमजान आणि मोहरम सोडून उरलेली लग्नसराई काही वर्षं उन्हाळ्यात, काही वर्षं भर पावसाळ्यात पडते. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पितृपक्षात, जेव्हा हिंदू नवरीचा एकही फोन येत नाही, तेव्हा निकाह लावायला मुस्लिम घरांना काहीच अडचण नव्हती.

हे काम मात्र नुसत्या जाहिरातीने मिळत नाही. पडदा पाळणाऱ्या घरात आर्टिस्ट बाईच हवी, तिची मदतनीसही बाई हवी, खोलीचं दार बंद हवं. मुख्य अट म्हणजे नवरीचा फोटो कुठेही टाकायचा नाही. ज्या धंद्याची पुढची ऑर्डर मागच्या फोटोवर मिळते, तिथे ही अट मान्य करणं म्हणजे काम करून त्याचा पुरावा सोडून देणं. तरी जी बाई ती पाळते, तिचं नाव त्या मोहल्ल्यात एका घरातून दुसऱ्या घरात तोंडी जातं आणि ते नाव रीलपेक्षा जास्त टिकतं. शिवाय शिकायला लागतं ते वेगळंच. नमाजाआधी वजू करायची तर नखांवर पाणी पोचलं पाहिजे, म्हणून नेलपॉलिश कधी लावायची, लावायची की नाही, हे आधी विचारायचं. मेंदी आदल्या रात्री, अरबी घाटाची. दुपट्टा डोक्यावर बसतो तेव्हा केसांचा फुगा किती उंच ठेवायचा याचा अंदाज नऊवारीच्या खोप्यावरून येत नाही.

बोईसरच्या कामगार वस्त्यांचं कॅलेंडर पुन्हा तिसरं. तिथली बरीच लग्नं मुलखात, गावी होतात. मे महिन्यात गाड्या भरून माणसं जातात, त्यामुळे लग्नाचं मोठं काम इथल्या आर्टिस्टच्या हाती फारसं लागत नाही. लागतं ते सणांचं. २०२५ मध्ये २६ ऑगस्टला मराठी बायकांची हरतालिका होती आणि त्याच दिवशी बिहार-उत्तर प्रदेशच्या बायकांची तीज. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोघी उपाशी, दोघींच्या हातांवर मेंदी. १० ऑक्टोबरला करवा चौथ. मग दिवाळीनंतर छठ, ज्यात नाकापासून भांगापर्यंत शेंदराची रेघ ओढलेली असते आणि ती पहाटेच्या पाण्यात टिकावी लागते. ही कामं शंभर-दोनशे-पाचशेची. एका दिवसात दहा-बारा जणींच्या हातांवर मेंदी काढायची, चार जणींना हलका मेकअप आणि साडी. संध्याकाळी बोटं आखडतात. पण नवरीच्या बुकिंगला जी अॅडव्हान्स-शिल्लक-उधारीची ओढाताण असते ती इथे नाही. पैसे हातोहात मिळतात. ज्या वस्तीत नवरी मिळत नाही तिथे जायचं कशाला, असा विचार करणाऱ्या पुष्कळ आहेत. माझ्या मते मंदीतला सगळ्यात स्थिर पैसा याच वस्त्यांत आहे.

समुद्राचंही आपलं कॅलेंडर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला, पुरुष घरी. लग्नं त्याआधी उरकलेली असतात, पण घरातली माणसं एकत्र असण्याचा हा काळ, म्हणून डोहाळजेवण, बारसं, नव्या घराची पूजा अशी कार्यं किनाऱ्याच्या गावांत याच दिवसांत बसवायला सोपी जातात. मग नारळी पौर्णिमा. दागिने बाहेर निघतात, नव्या साड्या निघतात, मिरवणुकीत बायका पुढे असतात. ज्या आर्टिस्टला किनाऱ्याची साडी नेसवता येते, म्हणजे पुस्तकातली नऊवारी नव्हे तर त्या गावात ज्या ताठ्याने ती नेसली जाते तशी, तिला बोलावणं येतं. जिला येत नाही तिने तिथल्या एखाद्या आजीपुढे बसून शिकावं. युट्यूबवर ते मिळत नाही.

डोंगराकडची गोष्ट आणखी वेगळी. वारली लग्न परंपरेने पुरोहित लावत नाही, धवलेरी लावते. ती बाई असते, गाणी म्हणत विधी पुढे नेते. सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. या लग्नांची वेळ गुरू-शुक्रावर ठरत नाही, भाताच्या कामांवर ठरते. आता विक्रमगड, जव्हारकडूनही नवरीच्या मेकअपसाठी विचारणा होते. तिथे शहराचा दर सांगणं मला पटत नाही आणि फुकट काम करणंही पटत नाही. एका दिवशी एकाच पाड्यावरची दोन कार्यं धरली तर गाडीखर्च वाटला जातो, एवढं गणित जमवता येतं. या भागातलं एक आणखी सांगण्यासारखं: जव्हार-विक्रमगडचे शेतकरी मोगरा लावतात, तो दादरच्या फुलबाजारात जातो. पालघरची आर्टिस्ट मात्र गजऱ्यासाठी पुष्कळदा त्याच दादरवरून फिरून आलेला मोगरा घेते. थेट शेतकऱ्याशी ओळख ठेवली तर लग्नसराईत भाव चढल्यावरही फुलं मिळतात. ती ओळख करायला वेळ असतो तो मंदीतच.

श्रावण हा मराठी घरांतला मंदीचा मध्य आणि त्याच वेळी सगळ्यात धावपळीचा महिना. २०२५ च्या श्रावणात मंगळवार चार आले: २९ जुलै, ५, १२ आणि १९ ऑगस्ट. मंगळागौरीचे खेळ आता घरापुरते राहिलेले नाहीत. सोसायट्या, महिला मंडळं, बँकांच्या शाखा, शाळांच्या शिक्षिका, सगळीकडे गट आहेत. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूपनृत्य. दहा-पंधरा जणींना एकसारखी नऊवारी, नथ, चंद्रकोर, अंबाडा. तिथे मेकअप नवरीसारखा थरांचा चालत नाही. पिंगा घालताना घाम येतो आणि जाड बेस फुटतो, तोंडावर भेगा दिसतात. हलका, पाण्याला टिकणारा बेस, डोळे ठळक, बास. मंगळवार संपला की बाकीचे दिवस साड्यांचे.

साडी आधीच चुण्या घालून देण्याचं काम गेल्या काही वर्षांत एवढं वाढलं की काही जणींनी मेकअपपेक्षा तेच धरलं आहे. गौरी, हळदीकुंकू, नवरात्रातले रंग, शाळेतले कार्यक्रम. सकाळी सातला रेल्वे पकडणाऱ्या शिक्षिकेला, नर्सला, बँकेतल्या बाईला साडी नेसायची असते पण वेळ नसतो. ती आदल्या दिवशी साडी आणून देते. काम बघायला सोपं वाटतं. इस्त्रीच्या टेबलाला पदराचं टोक पिनेने पक्कं करायचं. पदराच्या चुण्या चार बोटांच्या, काठ प्रत्येक वेळी वरच दिसला पाहिजे. चार चुण्या झाल्या की क्लिप, मग वाफेची इस्त्री, कापडाखाली सुती रुमाल, कारण पैठणीच्या जरीवर इस्त्री थेट टेकली तर जर काळी पडते. खांद्याच्या जागेला मोजून पिन. मग निऱ्या, त्या नेसणारीच्या उंचीवर आणि ती चप्पल कोणती घालणार त्यावर अवलंबून, म्हणून साडी घेतानाच दोन मापं लिहून घ्यायची, कमरेचं आणि कमरेपासून जमिनीपर्यंतचं. सगळं झाल्यावर साडी चौकोनी घडीत, पदर वर, आत पातळ कागद, आणि वरती चिठ्ठी: आधी काय खोचायचं, मग काय. एका साडीला अर्धा-पाऊण तास. दर साडीमागे दोनशेच्या आसपास, काठापदराच्या जड साडीला थोडा जास्त. गौरींच्या आदल्या दोन दिवसांत पंधरा-वीस साड्या होतात. एका नवरीच्या साध्या पॅकेजच्या निम्म्याच्या आसपास जाणारी ही रक्कम आहे आणि हे सगळं घरात बसून, पावसात ट्रॉली न ओढता.

पावसाळ्याबद्दल इथे थांबून सांगितलं पाहिजे, कारण मंदीत आर्टिस्टचं सर्वांत मोठं नुकसान तिच्या बॅगेतच होत असतं. उघडलेला मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकायचा असतो, लिक्विड फाउंडेशन वर्षभरात. काम असो वा नसो, माल जुना होतोच. एप्रिलमध्ये घाईत घेतलेले दोन-तीन महागडे बेस ऑक्टोबरपर्यंत वास मारू लागतात, तेल वेगळं होतं. किनाऱ्यालगतच्या हवेत ब्रशांना बुरशी धरते. जाणत्या बायका जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे ब्रश धुतात, आणि धुणंही सरळ नाही: कोमट पाणी, सौम्य शाम्पू, केस नेहमी खालच्या बाजूला, कारण पाणी दांड्याकडे उतरलं की धातूच्या नळीतला गोंद सुटतो आणि पुढच्या नवरीच्या गालावर ब्रशचा केस चिकटून राहतो. मग दांडा वर, केस खाली, असे दोरीला टांगून वाळवायचे. कोरडे झाले की हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या डब्यांतल्या, बुटांच्या खोक्यांतल्या, वर्षभर जमवलेल्या. पावडरच्या डब्या वेगळ्या. झाकणांवर उघडल्याची तारीख स्केचपेनने. हे काम कोणी रीलमध्ये दाखवत नाही. पण चार-पाच हजारांचा माल यातून वाचतो, आणि मंदीत वाचलेला रुपया कमावलेल्यासारखाच.

मंदीतला दुसरा मोठा उद्योग म्हणजे हात बसवणं. इथे माझं मत जरा आग्रहाचं आहे. आपल्याकडे नवरीचा मेकअप म्हणजे तिला दोन-तीन छटा उजळ करणं, हा समज इतका मुरला आहे की सावळ्या मुलीच्या चेहऱ्यावर राखाडी थर दिसतो आणि तो फोटोत आणखी राखेसारखा होतो. फ्लॅश पडला की चेहरा पांढरा, मान वेगळी, हात तिसऱ्याच रंगाचे. या पट्ट्यातल्या मुलींची कातडी पाहा. वाऱ्या-उन्हात सुकट घालणाऱ्या घरातली मुलगी, एमआयडीसीत शिफ्टला जाणारी, स्कूटीवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून फिरणारी. स्कार्फवालीचं कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा पट्टा गडद, गाल त्यामानाने फिके. एकच बेस सगळीकडे फासला तर चेहऱ्याचे दोन भाग पडतात.

शेजारच्या मुलीला खिडकीपाशी बसवून हे शिकायला जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही. आधी नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडांना, जिथे काळसरपणा आहे तिथेच. मग बेस. तो मनगटावर तपासायचा नाही, जबड्यावर तपासायचा, तीन छटांच्या तीन रेघा ओढून; जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. लगेच ठरवायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं, कारण हवेत बेस गडद होतो आणि लावताना जुळलेला रंग मांडवात पोचेपर्यंत बदललेला असतो. रिंग लाइटवर भरवसा ठेवायचा नाही. तो सगळ्यांनाच गुळगुळीत दाखवतो. दारात उजेडाला नेऊन बघायचं. दोन बाटल्यांतला माल स्टीलच्या पट्टीवर मिसळून मधली छटा करायला शिकलं की बारा बाटल्या घ्याव्या लागत नाहीत, चार पुरतात. आणि नवरी आरशात बघून स्वतःला ओळखते. मला विचाराल तर मंदीत एवढी एकच गोष्ट केली तरी पुढचा हंगाम बदलतो, कारण सावळ्या मुलीच्या आईला ज्या दिवशी लेक लेकीसारखीच सुंदर दिसते, त्या दिवशी ती बाई दहा घरांत नाव सांगते.

आणखी एक वाट रेल्वेने जाते. मालिकांचे सेट नायगाव, मीरा रोड, घोडबंदरकडे आहेत. पालघरहून विरारमार्गे नायगाव हा रोज जाण्यासारखा प्रवास आहे, फक्त विरारच्या पुढे-मागे लोकल कमी असल्याने एक चुकली की शिफ्टच चुकते. सेटवरचं काम बाराबारा तासांचं, पण ते चातुर्मास मानत नाही. तिथवर बाईला पोचता येतं याचं श्रेय एका खटल्याला आहे. हिंदी सिनेसृष्टीच्या मुंबईतल्या संघटनेत कित्येक दशकं मेकअपमनचं कार्ड पुरुषालाच मिळे. बाईने केशरचना करावी, चेहऱ्याला हात लावू नये, असा नियम होता. चारू खुराना यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळित यांच्या खंडपीठाने बाई म्हणून कार्ड नाकारणं घटनेत बसत नाही असा निकाल दिला. या निकालाला दशक उलटून गेलं. लग्नाच्या मांडवात ज्या बायकांना कोणी कधी अडवलं नाही, त्यांना कॅमेऱ्यापुढे अडवलं जात होतं, हे पुढच्या पिढीच्या मुलींना सांगितल्याशिवाय कळत नाही. हिवाळ्यात शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनंही असतात. पालघरचं दांडेकर महाविद्यालय, चिंचणीचं श्रॉफ कॉलेज, गावोगावच्या शाळा. डिसेंबर-जानेवारीत पौषाच्या तोंडावर एका दिवसात चाळीस मुलांना शिवाजी, मावळे, कोळी, वासुदेव करायचं. पैसे कमी आणि गोंधळ फार, पण हात झरझर चालायला लागतो.

शिकवण्याबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवत नाही. मंदीत क्लास घेणं योग्यच. गृहिणींना स्वतःचा साधा मेकअप, साडी, केस शिकवणारा दोन दिवसांचा क्लास हे प्रामाणिक काम आहे. पण सात दिवसांत मेकअप आर्टिस्ट व्हा, प्रमाणपत्र आणि ब्रशचा सेट फुकट, असे फलक लागतात, आणि वीस-पंचवीस हजार भरून बाहेर पडलेली मुलगी पुढच्या हंगामात दोन हजारांत नवरी करते, तेव्हा फसवणूक दोघींची होते. तिची आणि जिने पाच वर्षं हात घासला तिची. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ब्यूटी पार्लरचं महिन्याभराचं प्रशिक्षण फुकट मिळतं. शिकायचं असेल त्या मुलीला आधी तिकडे पाठवावं. कोलॅबचंही तेच. छायाचित्रकार, मॉडेल, कपडेवाला सगळे मिळून एक शूट करतात आणि मेकअपचे पैसे मिळत नाहीत, फोटो मिळतात. एखाददोन वेळा ठीक. पावसाळाभर तेच केलं तर तुमच्या कामाची किंमत शून्य आहे हे तुम्हीच गावाला सांगता.

कोरोनाने या सगळ्याची परीक्षा घेतली होती. २०२० ची टाळेबंदी बरोबर हंगामात लागली. महाराष्ट्रात २८ जूनला पार्लर उघडायला परवानगी मिळाली, पण केस कापणं, रंगवणं, थ्रेडिंग, वॅक्सिंग एवढ्यालाच. त्वचेच्या कामांना नाही. म्हणजे पार्लरवाली सुरू झाली आणि मेकअपवाली घरीच राहिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत उरकायचा आदेश निघाला. साइडर संपले. ज्या बायकांचा सगळा भरवसा एका मोठ्या पॅकेजवर होता त्या नोकरीकडे वळल्या. ज्यांनी डबे, साड्या, मास्क शिवणं, मेंदी असं काही ना काही धरून ठेवलं त्या परत आल्या. तेव्हापासून बुकिंगच्या कागदावर अट असते: अॅडव्हान्स परत नाही, तारीख बदलली तर वर्षभरात एकदा चालेल. फार उशिरा आलेली, पण आवश्यक अट.

सरकारच्या कागदात ही बाई अजून धड सापडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात केस कापणारा आहे, हार-गजरे गुंफणारा आहे, कपडे शिवणारा आहे, दागिने घडवणारा सोनार आहे. नवरीच्या अंगावरच्या एकेका वस्तूचा कारागीर त्यात आला, तिला सजवणारी आली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लर-सलूनच्या सेवांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पण वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या फ्रीलान्स बाईला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे तिला त्याचं सुख ना दुःख. मुद्रा कर्ज मिळतं, ब्यूटी पार्लरचा उल्लेख त्या योजनेत स्पष्ट आहे. अडचण हप्त्याची आहे. ज्या धंद्याची मिळकत नोव्हेंबर ते जूनमध्ये आणि तीही तुटक, त्याचा हप्ता श्रावणातही तेवढाच येतो. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामावर ठरते. बँका ते वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. तीच पद्धत हंगामावर जगणाऱ्या या बायकांच्या लहान कर्जांना लावायला कायदा बदलावा लागत नाही. जिल्ह्याच्या लीड बँकेच्या बैठकीत कोणीतरी तसं मागायला हवं, आणि मागणाऱ्या बायका एकत्र यायला हव्यात. मंडप, केटरिंग, बँडवाले यांच्या संघटना गावोगाव दिसतात. मेकअपवाल्यांचे व्हॉट्सअॅप गट आहेत, पण त्यांत दर ठरवण्याऐवजी एकमेकींचे दर पाडण्याच्या चौकश्याच जास्त चालतात.

२०२६ चं वर्ष सोपं नाही. डिसेंबर २०२५ च्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्र पुन्हा अस्तंगत. मुहूर्त काटेकोर पाहणारी घरं ते दिवस टाळतात. मग १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ. म्हणजे उन्हाळ्याची अर्धी लग्नसराई धोंड्याच्या महिन्यात जाते. १६ मेच्या आतल्या तारखांवर झुंबड उडते आणि एका दिवशी तीन-तीन नवऱ्या विचारतात. तेव्हा दोनच घ्याव्यात, तिसरी मैत्रिणीला द्यावी आणि आषाढात तिच्याकडून एक मागून घ्यावी, असं ठरवून ठेवणाऱ्या जोड्या जमू लागल्या आहेत. अधिक महिन्यात लग्न नसलं तरी लेक-जावई जेवायला येतात, जावयाला अनारशांचं वाण दिलं जातं, आणि आता त्या जेवणाचेही फोटो काढले जातात. नव्या लग्नाच्या लेकीला साडी, खोपा आणि हलका मेकअप, सकाळी दहाच्या आत, घरी येऊन. काही जणींनी गेल्या हंगामातल्या नवऱ्यांची यादी काढून त्यासाठी फोन करायलाही सुरुवात केली आहे.